थांबवून ठेवणं वेगळं, परत बोलावणं वेगळं

इराक युद्धाच्या काळात अमेरिकेत 'मागच्या दाराने सक्तीची भरती' हा आरोप सतत व्हायचा. तो एकाच वेळी दोन गोष्टींवर व्हायचा आणि घोटाळा तिथूनच सुरू झाला. एक 'स्टॉप-लॉस', म्हणजे मुदत संपत आलेल्या जवानाला सेवेतच थांबवून ठेवणं, दुसरी राखीव दलातून परत बोलावणं. दोन्हींत माणूस मनाविरुद्ध लढायला जातो, हे खरं. पण कायद्याची वाट वेगळी आहे.

स्टॉप-लॉसमध्ये जवान अजून गणवेशातच असतो. करार संपायची तारीख जवळ आलेली असते, सामान बांधायचे बेत चाललेले असतात, आणि सरकार सांगतं: आता नाही. राखीव दलं सक्तीने कामावर बोलावलेली असतील तेवढ्या काळात राष्ट्राध्यक्षांना बढती, निवृत्ती आणि सेवामुक्तीचे कायदे स्थगित ठेवता येतात. हा अधिकार अमेरिकी संहितेच्या 10 व्या भागातलं कलम 12305 देतं. 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर तीनच दिवसांनी बुश यांनी तो संरक्षण खात्याकडे सोपवला. लष्करात तेव्हा साधारण रीत अशी होती की तुकडी निघण्याच्या 90 दिवस आधीपासून ती परतल्यानंतर 90 दिवसांपर्यंत कुणी बाहेर पडायचं नाही.

ओरेगॉन राज्याच्या नॅशनल गार्ड या राखीव दलातल्या एमिलियानो सँटियागोचं प्रकरण बघा. 1996 मध्ये त्याने आठ वर्षांसाठी सही केली. 2004 च्या जूनमध्ये सुटका, त्याला थोडेच दिवस उरलेले. तेवढ्यात मुदत वाढली आणि कागदावर नवी तारीख उमटली: 24 डिसेंबर 2031. एवढी लांबची तारीख निव्वळ कारकुनी सोयीसाठी टाकली, असं सरकारचं म्हणणं. कारकुनी असो की आणखी काही, ज्याच्या नावापुढे ती छापली त्याला काय वाटलं असेल! तो कोर्टात गेला, पण 2005 मध्ये अपील न्यायालयाने सरकारच्याच बाजूने निकाल दिला. करारावर सही करताना कायद्यातल्या तरतुदीही मान्य केल्या होत्या, हा मुद्दा त्याला नडला.

दुसऱ्या प्रकारात माणूस घरी पोचलेला असतो. कॉलेजात किंवा नोकरीत. अमेरिकी सैन्यात भरती होणाऱ्याचं एकूण बंधन सहसा आठ वर्षांचं. चार वर्षं प्रत्यक्ष सेवा केली, तर उरलेली चार नाव राखीव यादीत राहतं. कवायत नाही, पगार नाही, म्हणून यादीचा विसर पडतो. मग एक दिवस टपाल येतं. 2004 मध्ये लष्कराने अशा साडेपाच हजारांवर लोकांना बोलावायचं जाहीर केलं. इथे मुदत वाढवलेलीच नसते, आधी लिहून दिलेली वसूल केली जाते. त्यामुळे 'माझा करार संपला होता' हा युक्तिवाद यांना मुळातच करता येत नाही. फार तर अडचण दाखवून सूट किंवा मुदत मागता येते.

सातारा-कोल्हापूरकडच्या फौजी घरांना हा दुसरा प्रकार परका वाटणार नाही. आपल्याकडेही राखीव सैन्याचा कायदा 1888 पासूनचा आहे, आणि पेन्शन घेऊन आलेल्याची 'रिझर्व्ह' शिल्लक असल्याचं पारावर ऐकायला मिळतं.

स्टॉप-लॉस बंद करायचं संरक्षणमंत्री गेट्स यांनी 2009 च्या मार्चमध्ये जाहीर केलं. अडकवलेल्यांना त्यानंतर जादा महिन्यामागे 500 डॉलर मिळाले. बंद झाला तो वापर. कलम 12305 अजून पुस्तकात आहे.