फिल्टर लावलंय की सॉर्ट केलंय? आधी ते बघा

व्हिडिओ शोधताना बरेच जण फिल्टर आणि सॉर्ट एकच धरून चालतात, आणि त्यात चूक आपली पण नाही, बऱ्याच ठिकाणी दोन्ही एकाच मेन्यूत शेजारीशेजारी कोंबलेले असतात. पण फिल्टर व्हिडिओ गाळून टाकतं, सॉर्ट काहीच टाकत नाही, नुसती रांग बदलतं.

सगळ्यात जास्त घोळ तारखेचा होतो. समजा 'सायकलची चेन कशी बदलायची' असं टाकलं आणि ताजं काहीतरी हवं म्हणून तारखेने सॉर्ट केलं, तर सगळ्यात वर येऊन बसतो कोणीतरी तासाभरापूर्वी टाकलेला राइडचा व्हिडिओ, ज्याच्या डिस्क्रिप्शनमध्ये कुठेतरी सायकल आणि चेन हे शब्द आलेत, बस. कारण आता रांग फक्त तारखेची, कामाचा किती हे कोणी बघतच नाही. त्यापेक्षा 'या महिन्यात'चं फिल्टर लावा आणि सॉर्ट रेलेव्हन्सवरच, म्हणजे शोधाशी किती जुळतं त्यावरच, राहू द्या, जुने गळतात आणि उरलेल्यात कामाचे वर राहतात. तारखेचं सॉर्ट मला तरी चालू घडामोडी सोडून कशाला लागत नाही. आणि हो, ही तारीख अपलोडची असते, शूटिंगची नाही, त्यामुळे जुनाच व्हिडिओ काल कोणी परत टाकला असेल तर तोही नवा म्हणून मिरवतो.

व्ह्यूजने सॉर्ट केलं तर उलटं होतं. व्ह्यूज साठत जातात म्हणून जुने वर, मग तिथे वर्षभराचं फिल्टर जोडीला घ्यायचं.

फिल्टरची वाईट खोड म्हणजे ते गुपचूप गाळतं. गूगलच्या व्हिडिओ सर्चमध्ये लांबीचे तीन गट आहेत, ४ मिनिटांपर्यंत, ४ ते २०, आणि २० च्या वर, म्हणजे 'छोटे' निवडलं की सव्वाचार मिनिटांचा एकदम मस्त व्हिडिओ गेलाच, आणि गेला हे कळत पण नाही. सबटायटलचं फिल्टर पण तसंच, ते कॅप्शन ट्रॅक, म्हणजे व्हिडिओला वेगळी जोडलेली सबटायटलं बघतं, चित्रावरच छापलेली अक्षरं त्याला दिसत नाहीत.

परवा मी एक आधी बघितलेला व्हिडिओ कितीतरी वेळ शोधत होतो, शब्द बदलून बदलून वैतागलो, डिलीट झाला असेल असंच वाटलं, मग दिसलं की वर 'या आठवड्यात' तसंच लागून राहिलंय. ते काढलं तर पहिलाच तो.