उपवासाच्या दिवशीची साखरेची गोळी

मागच्या आषाढीला मावशीने सकाळी मधुमेहाची नेहमीची ग्लिमेपिराइडची गोळी घेतली आणि निर्जळी उपवास धरला. दुपारी तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. ग्लुकोमीटरवर आकडा 52. साखरपाणी पाजल्यावर ती सावरली आणि म्हणाली, “साखर आधीच कमी होती, मग गोळीने आणखी का उतरवली?”

याचं उत्तर स्वादुपिंडातल्या बीटा पेशींत आहे. तिथे इन्सुलिन आधीच तयार होऊन हजारो सूक्ष्म पिशव्यांत भरलेलं असतं. पिशव्या रिकाम्या करण्याचा हुकूम कॅल्शियम देतं. पेशीबाहेर ते आतल्यापेक्षा सुमारे 10,000 पट जास्त असतं, त्यामुळे पेशीच्या पडद्यातलं दार उघडलं की आत घुसतं. सिनॅप्टोटॅगमिन गटातलं प्रथिन त्याची चाहूल घेतं, पिशवी पडद्याशी एकजीव होते आणि इन्सुलिन बाहेर पडतं. मेंदूतल्या पेशीसुद्धा एकमेकींना रासायनिक निरोप असाच धाडतात. (कॅल्शियमच्या गोळ्या खाऊन इन्सुलिन वाढत नाही, रक्तातलं कॅल्शियम शरीर काटेकोर राखतं.)

आता माझा आवडता भाग. कॅल्शियमचं दार विजेच्या दाबावर उघडतं. एरवी पोटॅशियमच्या वाहिन्यांतून धनभार बाहेर झिरपत राहतो, म्हणून पेशीची आतली बाजू सुमारे 70 मिलिव्होल्ट ऋण असते. आपण जेवतो, ग्लुकोज पेशीत शिरून जळतं, एटीपी (पेशीतलं ऊर्जा पुरवणारं रसायन) वाढतं आणि ते एका खास प्रकारच्या पोटॅशियम वाहिन्या मिटवतं. झिरपणं थांबलं की आतला ऋणभार घटतो आणि कॅल्शियमची दारं उघडतात. म्हणजे जेवलेल्या साखरेची वर्दी पोटॅशियममार्गे कॅल्शियमपर्यंत जाते.

ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड ही सल्फोनिलयुरिया औषधं त्याच वाहिनीच्या एका भागाला चिकटून ती मिटवतात. रक्तात साखर किती आहे, हे ती बघतच नाहीत. मावशीच्या पोटात काही नव्हतं, तरी पेशीला वाटलं जेवण झालं.

या औषधांचा साखर उतरवण्याचा गुण सापडला 1942 साली फ्रान्समधल्या माँपेलिये इथे. टायफॉइडवर नवं सल्फा औषध देताना डॉक्टर मार्सेल जांबाँ यांच्या रुग्णांची साखर धोकादायकरीत्या उतरली. तिथलेच संशोधक ऑग्युस्त लुबातिएर यांनी कुत्र्यांवर दाखवलं, की स्वादुपिंड काढून टाकलं तर हा परिणाम होतच नाही.

‘शंभर टक्के आयुर्वेदिक, गोळ्या बंद करा’ अशी चूर्णं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, त्यांचा मला मनापासून राग येतो. अशा ‘नैसर्गिक’ औषधांत चोरून ग्लिबेनक्लामाइड मिसळल्याचं वेगवेगळ्या देशांत उघडकीस आलं आहे. मात्रा माहीत नाही, आणि वर उपवास! उपवास धरायचाच असेल, तर गोळीचं काय करायचं ते आधी डॉक्टरांना विचारा.

याच वाहिनीत जन्मजात बिघाड असला, तर एटीपीने ती नीट मिटत नाही आणि बाळाला पहिल्या सहा महिन्यांतच मधुमेह होतो. अशा 49 रुग्णांना सल्फोनिलयुरिया देऊन पाहिल्याचा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या 44 जणांची इन्सुलिनची इंजेक्शनं सुटली.