रोहित पक्ष्यांच्या मागे उभा असलेला डंपर

फेब्रुवारीतील एका सकाळी ऐरोलीच्या खाडीकिनारी एक छायाचित्रकार रोहित पक्ष्यांचे फोटो काढत उभी आहे, अशी कल्पना करू. ओहोटीमुळे चिखल उघडा पडला आहे आणि थवा जागा बदलण्यासाठी उडाला आहे. कॅमेरा सेकंदाला दहा या वेगाने सलग चित्रे टिपत आहे आणि तिचे सगळे लक्ष पंखांखालच्या गुलाबी-काळ्या रंगावर आहे. त्याच वेळी पलीकडच्या बांधावर एक डंपर खारफुटीत राडारोडा ओतत आहे. तो तिला दिसलेला नाही. घरी गेल्यावर दिसला, तरी चौकटीची एक बाजू कापून टाकण्यापलीकडे तिच्या मनात काही येण्याचे कारण नाही.

प्रसंग कल्पित असला तरी जागा आणि कायदा खरे आहेत. ठाणे खाडीचा सुमारे १,६९० हेक्टरचा पट्टा २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. खारफुटीची नासधूस हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरचा घाला आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात स्पष्ट म्हटले, आणि खारफुटीभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही भरावापासून मोकळा ठेवण्यास सांगितले. म्हणजे डंपरमधून पडणारा तो ढीग हा गुन्हा आहे आणि पक्ष्यांचा तो फोटो हा त्याचा पुरावा होऊ शकतो. तो पुरावा होईल की नाही, हे मात्र प्रकाशशास्त्रावर, खगोलशास्त्रावर आणि फोटो हाती आल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात आपण त्याचे काय करतो यावर ठरते.

प्रथम नंबरप्लेट. मोठ्या वाहनांच्या प्लेटवरील अक्षरांची उंची ६५ मिलिमीटर आणि रेषेची जाडी १० मिलिमीटर असावी, असा नियम आहे. डंपर ४०० मीटरवर आहे, लेन्स ६०० मिलिमीटरची आहे आणि सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल ६ मायक्रोमीटर रुंद आहे, असे धरले तर एका पिक्सेलमध्ये डंपरवरचा ४ मिलिमीटरचा तुकडा मावतो. अक्षर साधारण सोळा पिक्सेल उंच आणि त्याची रेघ अडीच पिक्सेल जाड भरते. तेवढे वाचायला पुरते. तिथूनच मोबाइलच्या साध्या लेन्सने फोटो काढला असता, तर एका पिक्सेलमध्ये जवळजवळ १४ सेंटिमीटर मावले असते. म्हणजे पूर्ण अक्षर एका ठिपक्याच्या आत हरवले असते आणि मग जगातली कोणतीही प्रयोगशाळा ते परत आणू शकली नसती.

पण इथे एक अडचण आहे, आणि ती फार थोड्यांच्या लक्षात येते. कॅमेऱ्याने फोकस पक्ष्यांवर धरला आहे, डंपरवर नाही. थवा १५० मीटरवर असताना ४०० मीटरवरच्या डंपरचा प्रत्येक बिंदू अशा लेन्समध्ये, तिचे छिद्र एफ ६.३ इतके उघडे असेल तर, सुमारे चाळीस पिक्सेलइतका पसरतो, आणि सोळा पिक्सेलच्या अक्षराचा त्यात नुसता राखाडी डाग होतो. थवा उडत उडत बांधाकडे सरकतो तसा फोकसही त्याच्यामागे जातो. पक्षी ३८० मीटरवर पोचले की हा पसारा सव्वा पिक्सेलवर येतो आणि प्लेट वाचता येते. लांबलचक मालिकेत ही स्थिती शेवटच्या थोड्याच चित्रांत येते, आणि नेमकी तीच चित्रे छायाचित्रकार पुसून टाकते, कारण त्यांत थवा लांब गेलेला असतो आणि पक्षी पाठमोरे झालेले असतात. म्हणून कार्डवरील ‘वाया गेलेली’ चित्रे घाईने पुसू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन.

धूसर प्लेट संगणकावर स्पष्ट करून घेता येईल का, असा प्रश्न हल्ली लगेच विचारला जातो. फोकस चुकल्याने किंवा हात हलल्याने आलेली धूसरता ठरावीक आकाराची असते आणि तो आकार गणिताने उलटवून काही तपशील परत मिळवता येतो. ही पद्धत जुनी आहे आणि तिच्या मर्यादाही ठाऊक आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेची ‘सुधारणा’ मात्र वेगळी आहे. हे प्रोग्राम लाखो चित्रांवरून शिकलेले असतात. चित्रात नसलेली माहिती ते शोधून काढत नाहीत, तिच्या जागी काय असू शकेल याचा अंदाज बसवतात. ३ आणि ८ यांत फरक करण्याइतके पिक्सेल मुळात नसतील, तरी प्रोग्राम एक ठसठशीत आकडा लिहून देईल आणि त्या आकड्याचे वाहन एखाद्या निरपराध माणसाचे असू शकेल. याबाबतीत माझे मत ठाम आहे. अशी घडवलेली प्लेट तपासात दाखवणे धोक्याचे आहे. जे वाचता येत नाही ते वाचता येत नाही, असेच लिहावे.

दुसरा प्रश्न वेळेचा. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये कॅमेऱ्याच्या घड्याळाची वेळ नोंदली जाते, पण ते घड्याळ चुकीचे असू शकते आणि मुद्दाम बदलताही येते. म्हणून तज्ज्ञ चित्रातल्या सावल्यांकडे वळतात. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखावृत्ताची आहे आणि नवी मुंबई साधारण ७३ अंशांवर आहे, त्यामुळे आपल्याकडे सूर्य घड्याळाच्या सरासरी ३८ मिनिटे मागे असतो. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला असल्याने या फरकात वर्षभर चढउतार होतो. १० फेब्रुवारीच्या सुमारास त्यात आणखी चौदा मिनिटांची भर पडते. हा हिशेब केला की त्या दिवशी सकाळी ७:४५ ला खांबाची सावली त्याच्या उंचीच्या साडेसात पटींहून थोडी अधिक येते आणि ७:५५ ला ती सहापटींच्या आत आलेली असते. दहा मिनिटांत एवढा फरक पडतो, म्हणून सकाळच्या लांब सावल्या दुपारच्या सावल्यांपेक्षा वेळ अधिक नेमकी सांगतात.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातही सूर्य आकाशात जवळजवळ याच मार्गाने जातो. मग तो फोटो नोव्हेंबरमधला आहे, असा बचाव कोणी केला तर? तेव्हा सूर्य आपल्या सरासरी वेळेच्या सोळा मिनिटे पुढे असतो. त्यामुळे तसलीच सावली घड्याळात अर्धा तास आधी पडते, आणि ७:४५ ला ती खांबाच्या जेमतेम चौपट उरते.

खाडीत आणखी एक घड्याळ आहे, ते पाण्याचे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा हिशेब आपल्या कोळीवाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आपला फोटो द्वितीयेचा आहे असे धरले तर दीड वाजता भरती, म्हणजे त्याआधी सव्वासहा तास, सकाळी सव्वासातच्या आसपास ओहोटी. खाडीत आत ऐरोलीपर्यंत ती आणखी थोडी उशिरा पोचते. फोटोत पावणेआठला चिखल उघडा आहे, हे या हिशेबात बसते. त्याउलट तो फोटो अष्टमीचा आहे असे कोणी म्हणाले, तर सहाला भरती होऊन पाणी नुकते उतरू लागलेले असायला हवे आणि पक्षी चरत असलेला चिखल पाण्याखाली असायला हवा. न्यायालयासाठी अर्थात छापील भरती-कोष्टकच वापरले जाईल, पण खोटेपणा ओळखायला पाऊणपटही पुरते.

अनवधानाने टिपलेल्या चित्राने निर्णायक काम केल्याच्या नोंदी आहेत. २०११ च्या नववर्षाच्या पहाटे फिलिपिन्समधील कालोओकान शहरात एक स्थानिक लोकप्रतिनिधी आपल्या कुटुंबाचा फोटो काढत होता. त्याच क्षणी त्याच्यावर गोळी झाडली गेली आणि हसऱ्या चेहऱ्यांच्या मागे पिस्तूल रोखलेला मारेकरी त्याच फोटोत आला. २००३ साली लॉस एंजेलिसमध्ये उलटे घडले. खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात असलेला एक माणूस खून झाला त्या संध्याकाळी बेसबॉलच्या मैदानात बसलेला होता आणि तिथे योगायोगाने चालू असलेल्या एका दूरचित्रवाणी मालिकेच्या चित्रीकरणात, वेळेच्या नोंदीसकट, तो दिसला. मोबाइलच्या नोंदींची जोड मिळून तो सुटला. ही दुसरी घटना मला अधिक मोलाची वाटते, कारण चित्र सांभाळून ठेवण्याचे कारण केवळ कोणाला पकडणे हेच नसते.

आता सांभाळण्याविषयी. फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवला की तो लहान होतो, पुन्हा दाबला जातो आणि वेळ, लेन्स, जागा या नोंदी त्यातून गळतात. अडीच पिक्सेलची ती रेघही तिथेच जाते. पाठवायचाच असेल तर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा आणि मूळ कार्ड बाजूला काढून ठेवावे. कॅमेऱ्याचे घड्याळ किती चुकले आहे हे कळावे म्हणून त्याच दिवशी मोबाइलवरच्या वेळेचा एक फोटो त्याच कॅमेऱ्याने काढावा. मग फाइलचे हॅश मूल्य काढावे. ‘शा-२५६’ या पद्धतीत फाइल कितीही मोठी असो, तिचा ६४ अंक-अक्षरांचा ठसा निघतो आणि एका पिक्सेलची छटा बदलली तरी सबंध ठसा बदलतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात हे हॅश मूल्य नोंदवावे लागते. प्रमाणपत्राचा एक भाग पुरावा देणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. अशा प्रमाणपत्राची सक्ती आधीच्या कायद्यातही होती. जालन्याच्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दाखल झाला का, हा वाद कार्यालयातील चित्रणावर येऊन ठेपला होता आणि त्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने ही सक्ती पुन्हा अधोरेखित केली. मूळ उपकरणच न्यायालयात हजर केले, तर मात्र प्रमाणपत्राची गरज नाही, असेही त्या निकालात आहे.

शेवटी कोणी म्हणेलच की हा फोटो या कॅमेऱ्याचा नाहीच. त्याचे उत्तर सेन्सरच्या सिलिकॉनमध्ये असते. कारखान्यात कितीही काळजी घेतली तरी प्रत्येक पिक्सेल प्रकाशाला शेजाऱ्याइतकाच प्रतिसाद देत नाही. कोणी किंचित जास्त, कोणी किंचित कमी. हा असमानपणा कॅमेऱ्याच्या प्रत्येक चित्रात पुसट नक्षीसारखा उतरतो आणि एकाच मॉडेलच्या दोन कॅमेऱ्यांतही तो वेगळा असतो. लुकाश, फ्रिडरिख आणि गोलियान या संशोधकांनी २००६ साली त्यावरून कॅमेरा ओळखण्याची पद्धत मांडली. छायाचित्रकार जिला गोंगाट म्हणून सॉफ्टवेअरने घासून काढते, तीच ही नक्षी. ती मिळवण्यासाठी प्रयोगशाळा तिचा कॅमेरा मागून घेते आणि ज्यात काहीच नाही अशा मोकळ्या आकाशाचे पन्नासेक फोटो काढते.