एका जहाजाचे नुकसान, बारा क्लबांचा खिसा

26 मार्च 2024 रोजी ‘डाली’ हे मालवाहू जहाज अमेरिकेतील बाल्टिमोरच्या फ्रान्सिस स्कॉट की पुलावर आदळले आणि सहा कामगारांचा बळी गेला, तेव्हा ‘आता विमा कंपनी बुडणार’ असा सूर अनेकांनी लावला. एवढा भार एकच कंपनी उचलते, हा त्यामागचा समज चुकीचा आहे.

पूल, बंदरे, तेलगळती, जखमी खलाशी अशा त्रयस्थांप्रती जहाजमालकाचे जे दायित्व निर्माण होते, त्याचा विमा बहुतांशी ‘पी अँड आय’ (प्रोटेक्शन अँड इन्डेम्निटी, म्हणजे संरक्षण व भरपाई) क्लब उतरवतात. हे क्लब नफ्यासाठी चालत नाहीत. जहाजमालक हेच त्यांचे सभासद आणि मालक. असे बारा क्लब आंतरराष्ट्रीय गटात एकत्र असून जगातील सागरी जहाजांच्या टनभारापैकी सुमारे 90 टक्के टनभाराला त्यांचे संरक्षण आहे. दावे वाटून घेण्याचा त्यांचा पहिला करार 1899 सालचा आहे.

वाटणीची पद्धत मुळातून समजून घेण्याजोगी आहे. समजा, एका क्लबवर 6 कोटी डॉलरचा दावा आला. पहिले 1 कोटी तो स्वतः भरतो. त्यापुढील 5 कोटींपर्यंतचा, म्हणजे 4 कोटींचा, भाग दावेदार क्लबासह सर्वांत वाटला जातो. उरलेल्या 1 कोटीपैकी साडेसात टक्के, म्हणजे साडेसात लाख डॉलर, पुन्हा त्याच क्लबावर पडतात आणि बाकीची रक्कम सर्वांत विभागली जाते.

याने नेमके काय साधते? सोयीसाठी बाराही क्लब सारखे आणि त्यांचे अपघात परस्परांपासून स्वतंत्र आहेत असे धरू. एकत्रीकरणाने अपघात कमी होत नाहीत आणि प्रत्येकाचा सरासरी खर्चही तोच राहतो. घटते ते सरासरीभोवतीचे चढउतार, म्हणजेच प्रमाण विचलन. ते 12 च्या वर्गमुळाने भागले जाते, म्हणून वाटून घेतलेल्या भागापुरती प्रत्येक क्लबाची अनिश्चितता सुमारे 29 टक्क्यांवर येते. एका पैशाचीही भर न घालता केवळ वाटणीतून मिळणारे हे स्थैर्य मला संभाव्यताशास्त्राच्या सर्वांत देखण्या उपयोगांपैकी एक वाटते.

मात्र भरपाई इतरांच्या खिशातून होणार असेल, तर निष्काळजीपणा फोफावू शकतो. म्हणूनच पहिला कोटी स्वतःचा असतो आणि सामायिक भागातील प्रत्येक क्लबाचा वाटा ठरवताना टनभार व वर्गणी यांच्याबरोबर क्लबाचा दाव्यांचा पूर्वेतिहासही मोजला जातो. शुक्रवारी बंदर सोडू नये, ही खलाशांची जुनी श्रद्धा या हिशेबात कुठेच येत नाही. वाराने नव्हे, तर देखभाल, प्रशिक्षण आणि शिस्त यांनीच तो पूर्वेतिहास सुधारतो.

वर्गमुळाचा हा लाभ धोके स्वतंत्र असतील तोवरच पुरता मिळतो. जहाजे सगळीकडेच अजस्र होत गेली, तर सर्वांचेच दावे एकदम फुगतात आणि आपसांतील वाटणी तेथे अपुरी पडते. त्यामुळे 10 कोटी डॉलरच्या वरच्या दाव्यांसाठी हे क्लब मिळून बाहेरच्या बाजारातून पुनर्विमा, म्हणजे विमा देणाऱ्यांचाच विमा, विकत घेतात. त्या पुनर्विमा कंपन्या वादळे, भूकंप, आगी असे जहाजांशी संबंध नसलेले धोकेही बाळगतात, त्यामुळे स्वातंत्र्याची अट तेथे पुन्हा बऱ्याच अंशी पुरी होते. तरीही संरक्षण अमर्याद नाही: तेलप्रदूषणाच्या दाव्यांना 100 कोटी डॉलरची मर्यादा आहे.