तुकड्याच्या तपासणीत ‘आयएचसी’ आली कुठून?

निफाड-दिंडोरीकडच्या एखाद्या शेतकऱ्याच्या नाकावर काळी गाठ येते. तुकडा काढला जातो आणि नाशिकच्या लॅबमधून रिपोर्ट येतो : ‘आयएचसी करून घ्यावी’. घरच्यांना तो आणखी एक खर्च वाटतो. आयएचसी म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री : प्रतिपिंडं (ठरावीक प्रथिनालाच चिकटणारे रेणू) वापरून पेशीतलं नेमकं प्रथिन रंगवून दाखवणारी तपासणी.

पहिली तपासणी असते ती हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या दोन रंगांची, म्हणजे जांभळ्या-गुलाबी स्लाइडची. ही जोडी 1870च्या दशकापासून चालत आली आहे. तिच्यात पेशीचा आकार आणि मांडणी दिसते. बहुतेक निदानं आजही तिच्यावरच होतात. पण पेशी फारच बिघडलेल्या असल्या, की त्या मूळच्या कुठल्या हे नुसत्या आकारावरून कळत नाही. तिथे आयएचसी लागते.

1941 मध्ये अल्बर्ट कून्स यांनी प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडून ऊतीतला नेमका पदार्थ दाखवला. 1966 मध्ये नाकाने आणि पियर्स यांनी चमकत्या रंगाऐवजी एन्झाइम जोडलं, त्यामुळे साधा मायक्रोस्कोप पुरला. 1975 मध्ये कोलर-मिलस्टाइन यांनी एकाच साच्यातली प्रतिपिंडं बनवली. माझ्या मते सगळ्यात कमी कौतुक झालं ते 1991च्या शोधाचं : तुकडा टिकवणाऱ्या फॉर्मालिनमुळे झाकली गेलेली प्रथिनं मायक्रोवेव्हमध्ये तापवून पुन्हा उघडी करायची. कपाटात पडून असलेले मेणाचे ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे) त्यामुळे खऱ्या अर्थाने कामी आले.

मेलॅनोमाचा (त्वचेच्या रंगपेशींच्या कॅन्सरचा) जुना मार्कर, म्हणजे ओळख पटवणारं प्रथिन, एस-100 हा 1965 मध्ये सापडला तो चक्क गाईगुरांच्या मेंदूत! तो जवळपास प्रत्येक मेलॅनोमा पकडतो, पण मज्जातंतूंच्या गाठीही पकडतो. 1986 मधला एचएमबी-45 जास्त नेमका, मात्र काही मेलॅनोमा त्याच्या हातून निसटतात. म्हणून एकावर कुणी विसंबत नाही. त्वचेच्या इतर कॅन्सरांचेही असेच मार्कर आहेत : बेसल सेल कार्सिनोमात बर-ईपी4 सहसा पॉझिटिव्ह, स्क्वॅमस सेलमध्ये निगेटिव्ह. ईएमए या मार्करचं नेमकं उलट. मर्केल सेलमध्ये सीके20 केंद्रकाशेजारी टिंबासारखा उमटतो.

आपल्याकडे एक अडचण जास्त जाणवते. सावळ्या त्वचेत बेसल सेलची गाठही बऱ्याचदा काळी असते, म्हणजे डोळ्यांना मेलॅनोमाच वाटावी. त्यात मार्कर दाखवणारं नेहमीचं डीएबी रसायन तपकिरी रंग देतं आणि त्वचेला रंग देणारं मेलॅनिनही तपकिरीच. रंग मार्करचा की त्वचेचा, हेच कळेना. अशा वेळी लाल रंग देणारं रसायन वापरतात. सॉक्स-10 हा मेलॅनोमाचा आणखी एक मार्कर इथे सोयीचा पडतो, कारण तो केंद्रकात उमटतो आणि मेलॅनिन केंद्रकाबाहेर असतं. मेलॅनिन ब्लीच करूनही घालवता येतं, पण त्यात शोधायचं प्रथिनच खराब होण्याची भीती, त्यामुळे लालच बरा.