साजोर-काजू की फ्लोरिडा: घरी पहिला बेड भरण्यापूर्वी

धिंगरी अळिंबी (मशरूम) घरी लावून पाहावी असे वाटणारा माणूस पहिला प्रश्न स्पॉनचा, म्हणजे अळिंबीच्या बियाण्याचा, विचारतो, आणि त्याला बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते: "कोणतेही घ्या, धिंगरी सगळी सारखीच." हे उत्तर देणारा माणूस खोटे बोलत नसतो, त्याने स्वतः एकच जात, एकाच ऋतूत, एकाच गावात लावलेली असते. परंतु महाराष्ट्रात सहज मिळणाऱ्या दोन धिंगरींमध्ये, म्हणजे प्लुरोटस फ्लोरिडा आणि प्लुरोटस साजोर-काजू यांच्यात, नवख्याचा पहिला बेड, म्हणजे काड भरून स्पॉन पेरलेली पिशवी, तारणारा किंवा बुडवणारा एक फरक आहे, आणि तो रंगाचा नाही.

फ्लोरिडा बहुतेकांनी पाहिलेली असते. पांढरीशुभ्र, मऊ, पंख्यासारख्या आकाराची, झुपक्याने येणारी आणि छायाचित्रात फार देखणी दिसणारी ही धिंगरी. तिच्याविषयी येथे अधिक लिहीत नाही, कारण तिचे कौतुक करायला माणसे पुरेशी आहेत. साजोर-काजू मात्र करडी किंवा फिकट तपकिरी, थोडी जाड आणि दिसायला साधी असते, म्हणून हौशी लोक तिला दुय्यम समजतात. माझे मत अगदी उलट आहे आणि त्याची कारणे पुढे देतो.

प्रथम नावाविषयी दोन वाक्ये. साजोर-काजूचा आपल्या काजूशी काही संबंध नाही. हे मलय भाषेतल्या 'सायूर कायू' या शब्दांचे रूप आहे आणि त्याचा अर्थ लाकडावरची भाजी. वर्गीकरणशास्त्रज्ञांच्या मते भारतात या नावाने लावली जाणारी धिंगरी प्रत्यक्षात प्लुरोटस पल्मोनेरियस आहे आणि खरी साजोर-काजू ही लेंटिनस या वेगळ्या प्रजातीत मोडते. परंतु स्पॉनच्या पिशवीवर जुनेच नाव लिहिलेले असते आणि विकत घेताना तेच विचारावे लागते, म्हणून येथेही तेच वापरतो. दोन्ही नावे जातींची आहेत, वाणांची नव्हेत. एकाच जातीत निरनिराळे वाण असू शकतात. "फ्लोरिडा वाणाची साजोर-काजू" मागणारे ग्राहक मी पाहिले आहेत आणि त्यांना ती आनंदाने देणारे विक्रेतेही.

आता मूळ मुद्दा. धिंगरीच्या आयुष्यात दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात स्पॉनमधील बुरशीचे तंतू काडात पसरतात आणि साधारण पंधरा ते वीस दिवसांत बेड पांढरा होतो. दुसऱ्या टप्प्यात बेड उघडल्यावर किंवा पिशवी कापल्यावर पिनहेड, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढ्या अळिंबीच्या कळ्या, दिसू लागतात आणि तीन-चार दिवसांत तोडायला येतात. पहिल्या टप्प्यात या दोन्ही जातींचे वागणे जवळपास सारखे असते: खोलीत 25 अंशांच्या आसपास तापमान असेल तर दोन्ही उत्तम पसरतात. सगळा घोटाळा येथूनच सुरू होतो. दोन्ही बेड एकाच खोलीत, एकाच वेळी, सारखेच पांढरे झालेले पाहून माणूस निर्धास्त होतो आणि दोन्ही जाती एकच आहेत अशी त्याची खात्री पटते.

दुसऱ्या टप्प्यात मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. फ्लोरिडाला पिनहेड धरण्यासाठी साधारण 18 ते 22 अंश तापमान हवे असते; साजोर-काजू 22 ते 26 अंशांत सुखाने येते आणि त्याच्याही थोडे वर निभावून नेते. हा चार अंशांचा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो, पण आपल्याकडच्या घरांत तो ऋतूंचा फरक आहे. खोलीत 27 अंश असताना फ्लोरिडाचा पांढराशुभ्र, निरोगी बेड कापला तर तो दिवसामागून दिवस तसाच राहतो, वरून पाणी मारत राहिले तर पिवळसर पडतो, आणि शेवटी त्याच्यावर हिरवी बुरशी बसते. मग माणूस स्पॉनला दोष देतो, काडाला दोष देतो, पाण्यातल्या क्लोरीनला दोष देतो. बेड पांढरा झाला याचा अर्थ एवढाच की स्पॉन जिवंत होते आणि काड स्वच्छ होते. पीक येईल की नाही याबद्दल तो पांढरेपणा काहीही सांगत नाही.

माझा स्वतःचा पहिला बेड असाच गेला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला, पुण्यात, एका विक्रेत्याने "ही सगळ्यात सोपी" म्हणून फ्लोरिडाचे स्पॉन दिले. बेड सोळाव्या दिवशी दह्यासारखा पांढरा झाला आणि त्यानंतर तीन आठवडे मी ऑक्टोबरच्या उकाड्यात त्याच्यावर पाणी फवारत बसलो. त्याच खोलीत, त्याच काडावर, पुढच्या जुलैत भरलेल्या साजोर-काजूने बेड कापल्यावर पाचव्या दिवशी पिनहेड दाखवले. माझ्या हाताला त्या नऊ महिन्यांत कोणतीही विशेष विद्या आली नव्हती.

यात तापमानाच्या जोडीला आर्द्रता येते. पिनहेड धरण्यासाठी खोलीत 80 ते 90 टक्के आर्द्रता लागते. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात ती फुकट मिळते ती पावसाळ्यात, आणि पावसाळ्यात घाटावरच्या घरांत तापमान 23 ते 27 अंशांच्या दरम्यान असते, म्हणजे नेमके साजोर-काजूला हवे तसे. फ्लोरिडाला हवे ते तापमान पुण्यात किंवा नाशकात डिसेंबर-जानेवारीत मिळते, पण त्या दिवसांत दुपारची हवा इतकी कोरडी असते की खोलीत ओले गोणपाट टांगणे, जमिनीवर वाळू पसरून ती भिजवणे आणि दिवसातून तीन-चार वेळा फवारणी करणे, हे सगळे करावे लागते. नवख्या माणसाने पहिल्याच खेपेला ऋतूशी झुंज घ्यावी, हे मला पटत नाही. साजोर-काजूच्या बाजूने माझ्याकडे सर्वांत मोठा युक्तिवाद हाच आहे: आपला दमट ऋतू आणि तिचा ऋतू एकच आहे.

कोकण किनारपट्टीवर तर फ्लोरिडाचा नाद सोडावा हे बरे, कारण तेथे डिसेंबर-जानेवारीतही दुपारचा पारा तिशीच्या आसपास असतो आणि रात्रीचा गारवा खोलीत फार वेळ टिकत नाही. विदर्भ आणि मराठवाडा येथे हिवाळ्यात फ्लोरिडा चांगली येते, फक्त आर्द्रतेची सोय करावी लागते. एप्रिल-मेमध्ये मात्र थंडाव्याची खास व्यवस्था नसलेल्या घरात या दोन्हींपैकी काहीही लावू नये. त्या दिवसांत गुलाबी धिंगरीला, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या प्लुरोटस जामोरसारख्या जातीला, विचारावे किंवा सरळ सुट्टी घ्यावी.

येथे एका परदेशी गोंधळाचाही उल्लेख करायला हवा. युरोप-अमेरिकेतील चित्रफितींमध्ये 'ऑयस्टर मशरूम' म्हणून जी दाखवतात ती बहुधा प्लुरोटस ऑस्ट्रियाटस असते. थंड हवेतली ही जात पिनहेड धरण्यासाठी गारव्याच्या झटक्याची वाट पाहते. ते पाहून आपल्याकडचे काही उत्साही लोक साजोर-काजूचा बेड रात्रभर फ्रीजमध्ये ठेवतात. तिला त्याची काडीचीही गरज नाही. तिला उजेड, खेळती हवा आणि ओलावा मिळाला की ती आपली आपण फुटते. बेड कापल्यावरही खोली अंधारी आणि बंद ठेवली तर दांडे लांबट आणि छत्र्या चिमुकल्या होतात. हा कार्बन डायॉक्साइड साचल्याचा परिणाम असतो, आणि त्याचे खापर लोक पुन्हा जातीवर फोडतात.

आणखी एक गोष्ट तापमानासंबंधीच. वाढीच्या टप्प्यात तंतू स्वतः उष्णता निर्माण करतात, त्यामुळे पिशवीच्या आतले तापमान खोलीपेक्षा दोन-तीन अंशांनी जास्त असते. म्हणून भिंतीवरचा तापमापक 28 दाखवत असेल तर पिशवीच्या मध्यभागी 30 किंवा अधिक आहे असे धरावे आणि बेड एकावर एक रचू नयेत. तापमापकावरून आठवले: किमान व कमाल तापमान नोंदवणारा साधा तापमापक स्पॉनच्या आधी विकत घ्यावा आणि आठ दिवस त्या खोलीत टांगून ठेवावा. जो मनुष्य हे करत नाही त्याला "माझ्या खोलीत कोणती जात येईल?" असे विचारण्याचा अधिकार नाही, असे मी थोड्या कठोरपणे म्हणेन.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. फ्लोरिडा अधिक कोवळी आणि लवकर शिजणारी, साजोर-काजू चावायला थोडी घट्ट आणि रश्श्यात न विरघळणारी. तिचा दांडा जून झाला तर चिवट लागतो, तो कापून टाकावा. वाळवून ठेवायला साजोर-काजू बरी. ताजी दोन्ही फ्रीजमध्ये कागदी पिशवीत दोन-तीन दिवसच चांगल्या राहतात. रंगावरून जात ओळखण्याचा प्रयत्न मात्र करू नये, कारण साजोर-काजूही कमी उजेडात आणि उकाड्यात इतकी फिकट येते की नवख्याला ती फ्लोरिडा वाटावी.

काडाच्या बाबतीत दोघींची काही तक्रार नसते. गव्हाचे काड, भाताचा पेंढा, सोयाबीनचे कुटार, जे नवे, कोरडे आणि पावसात न भिजलेले असेल ते तीन ते पाच सेंटिमीटर लांबीचे कापून रात्रभर भिजवावे. निर्जंतुकीकरणासाठी 100 लिटर पाण्यात 125 मिलिलिटर फॉर्मॅलिन (जंतुनाशक द्रव) आणि 7.5 ग्रॅम कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक) घालण्याची पद्धत व्यावसायिक लागवडीत रूढ आहे, परंतु राहत्या घरात, मुलाबाळांच्या वावरात फॉर्मॅलिनची बाटली उघडणे मला मान्य नाही. दोन-चार बेडसाठी 80 अंशांच्या गरम पाण्यात तासभर काड बुडवून ठेवले तरी भागते. नंतर ते निथळून, मुठीत दाबल्यावर पाण्याची धार न लागता हात नुसता ओलसर होईल इतके सुकवावे आणि ओल्या काडाच्या वजनाच्या दोन ते तीन टक्के स्पॉन थरांमध्ये पेरावे.

साजोर-काजूचा एक दोष मात्र लपवण्यात अर्थ नाही. छत्रीच्या कडा वर वळू लागल्या की ती बीजाणूंचा पांढुरका धूर सोडते आणि बंद खोलीत त्याने खोकला, शिंका किंवा दम्याचा त्रास होऊ शकतो. फ्लोरिडाही बीजाणू सोडतेच, पण पावसाळ्यात, दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत साजोर-काजूचा त्रास मला तरी अधिक जाणवला. उपाय सोपा आहे: कडा अजून आत वळलेल्या असतानाच, फवारणीपूर्वी, झुपका पीळ देऊन काढावा आणि तोड्याच्या वेळी नाकावर रुमाल बांधावा. घरात दम्याचा रुग्ण असेल तर बेड राहत्या खोलीत ठेवूच नयेत.

स्पॉन घेताना विक्रेत्याकडे तीन गोष्टी मागाव्यात: जातीचे पूर्ण नाव, तयार केल्याची तारीख आणि ती जात कोणत्या तापमानाला पिनहेड धरते याचा आकडा. तिसऱ्या प्रश्नाला "पंधरा ते तीस, कशातही येते" असे उत्तर मिळाले तर तेथून घेऊ नये. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबी संशोधनाचे केंद्र आहे आणि हिमाचल प्रदेशातील सोलन येथे राष्ट्रीय पातळीवरचे अळिंबी संशोधन संचालनालय आहे; अशा ठिकाणाहून स्पॉन मिळवता आले तर नावाचा घोळ टळतो. पिशवीतले दाणे पांढऱ्या तंतूंनी पूर्ण वेढलेले असावेत, वास ताज्या अळिंबीसारखा असावा आणि कोठेही हिरवा किंवा काळा ठिपका नसावा. जुलैचे स्पॉन जूनच्या शेवटी मागवावे, कारण पहिला चांगला पाऊस पडल्यावर सगळेच जण एकदम मागू लागतात आणि मग साजोर-काजू संपली म्हणून हातात फ्लोरिडा ठेवली जाते.