फेसलिफ्टच्या आधी मिश्रीची डबी

माझी मावसबहीण पारोळ्याला असते. वय 58. गेल्या पावसाळ्यात तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा कपाटाच्या आरशासमोर उभं राहून तिने दोन्ही हातांची बोटं कानांपुढे टेकवली, गाल मागे-वर ओढले आणि आरशातूनच मला विचारलं, “एवढंच करतात ना रे भाऊ? ओढायचं आणि टाके घालायचे?”

मुलाचं लग्न मे महिन्यात ठरलेलं. हनुवटीच्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या पिशव्या तिला बऱ्याच दिवसांपासून खुपत होत्या आणि जावेच्या ओळखीतली कुणी मुंबईहून फेसलिफ्ट, म्हणजे सैल पडलेला चेहरा वर उचलायचं ऑपरेशन, करून आली होती. ताईची हौस मला मुळीच वावगी वाटली नाही. पस्तीस वर्षं घर, शेत आणि सासू-सासऱ्यांची दुखणी काढलेल्या बाईला स्वतःसाठी काही करावंसं वाटलं, तर त्यात कुणी नाक मुरडायचं कारण नाही. पण “एवढंच” या शब्दाने मी बेचैन झालो. तिच्यासाठी जे वाचलं, ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं, ते इथे मांडतो आहे.

कापसाची जुनी गादी आठवा. वर्षानुवर्षं वापरली की आतला कापूस सरकतो, कडेला गोळे होतात, मधे खड्डा पडतो. खोळ कितीही ताणून बसवली तरी ती गादी सरळ होत नाही, कापूसच पुन्हा पिंजून सारखा करावा लागतो. चेहऱ्याचं असंच आहे. कातडीखाली चरबीचे वेगवेगळे कप्पे असतात आणि त्यांना हाडाशी धरून ठेवणारे चिवट बंध असतात. वयानुसार बंध सैलावतात, काही ठिकाणची चरबी विरते, गालावरची खाली घसरते आणि जबड्याच्या कडेशी अडून पिशवीसारखी दिसू लागते. त्याच्याही खाली हाड झिजत असतं: डोळ्यांच्या खोबण्या रुंदावतात, वरचा जबडा मागे सरतो. दात गेलेला माणूस एकाएकी म्हातारा दिसतो, तो आतला आधार गेल्यामुळे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात जी फेसलिफ्टची ऑपरेशनं झाली, ती ताईच्या बोटांसारखीच होती. कानापुढची कातडी कापायची, ओढायची, शिवायची. कातडी लवचिक असते, ती पुन्हा ताणली जाई. 1974 मध्ये स्वीडनचे टॉर्ड स्कूग यांनी कातडीखालच्या थरासकट चेहरा उचलण्याची पद्धत मांडली आणि 1976 मध्ये फ्रान्समधल्या मिट्झ आणि पेरोनी यांनी त्या थराचं नीट वर्णन केलं. चरबीखालचा हा पातळ पण मजबूत पडदा चेहऱ्याच्या स्नायूंशी जोडलेला असतो. सर्जन त्याला ‘स्मास’ म्हणतात. आजची चांगली फेसलिफ्ट या पडद्यावर होते: तो उचलून, दुमडून किंवा त्याच्याखाली मोकळं करून पक्का करायचा आणि वरची कातडी जवळजवळ ताण न देता बसवायची. सगळा ताण कातडीवर टाकला, तर चेहरा वाऱ्यात धरल्यासारखा चपटा दिसतो, व्रण रुंदावतात आणि कानाची पाळी खाली खेचली जाते.

यातून काय साधतं? गालांचा खालचा भाग, जबड्याची रेषा आणि मान. पापण्या, कपाळावरच्या आठ्या, ओठांवरच्या बारीक उभ्या रेघा, वांग, काळे डाग यांत फेसलिफ्टने फरक पडत नाही. त्यांचे उपाय वेगळे. वयही थांबत नाही. साधारण सात ते दहा वर्षं परिणाम टिकतो, कारण घड्याळ मागे नेलं तरी ते चालूच राहतं.

आपल्याकडे त्या घड्याळाला चावी देतं ते ऊन. जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या वर जातो तेव्हा आपण उष्णतेला घाबरतो, पण कातडीला घट्ट धरून ठेवणारं कोलॅजेन मुख्यतः तोडतात ते अतिनील किरण, आणि ते हिवाळ्यातल्या सुखद उन्हातही असतात. त्यातले ‘ए’ प्रकारचे किरण काचेतून आत येतात. 2012 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका 69 वर्षांच्या ट्रक ड्रायव्हरचा फोटो छापून आला होता. 28 वर्षं गाडी चालवलेल्या त्या माणसाचा खिडकीकडचा, म्हणजे डावा, गाल खोल सुरकुत्यांनी भरलेला आणि उजवा त्या मानाने गुळगुळीत. आपल्याकडे ड्रायव्हर उजव्या खिडकीशी बसतो, तेव्हा इथल्या ड्रायव्हरची उजवी बाजू जपायची. डोक्यावर पदर आणि तोंडाला रुमाल बांधून शेतात जाणाऱ्या आपल्या बायका जे करतात, ते विज्ञानाला धरूनच आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. फेसलिफ्टमध्ये कानाच्या पुढून-मागून छेद घेऊन गालाची आणि मानेची कातडी खालच्या थरापासून सोडवतात. काही तास ती पडद्यासारखी उचललेली असते. खालून येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या सोडवताना तुटतात, त्यामुळे या कातडीला रक्त मिळतं ते फक्त नाकाकडच्या, न सोडवलेल्या बाजूने. केळीच्या बागेत ज्यांनी ठिबक टाकलं आहे, त्यांना हे लगेच समजेल. नळीचा दाब कमी झाला की पहिल्या झाडाला पाणी पोचतं, शेवटचं झाड सुकतं. इथे शेवटचं झाड म्हणजे कानामागची कातडी. फेसलिफ्टनंतर कातडी काळी पडून मरते, ती सगळ्यात जास्त वेळा तिथेच.

अंगाशी जोडलेली ठेवून कातडी वापरायची ही युक्ती आपल्या मातीतलीही आहे. ऑक्टोबर 1794 च्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ या लंडनच्या मासिकात पुण्याजवळच्या एका ऑपरेशनची हकिकत छापून आली. टिपूच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी नावाच्या बैलगाडीवाल्याला, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाच्या कातडीचं नाक करून दिलं होतं. कातडी कपाळावरून सोडवून खाली वळवली, पण भुवयांच्या मधे ती जोडलेलीच ठेवली, तिथून रक्त मिळावं म्हणून. सुश्रुतसंहितेतही गालाच्या कातडीने नाक करताना हेच पथ्य आहे. आजच्या प्लास्टिक सर्जनलाही त्या टोकापर्यंत रक्त पोचण्याचीच काळजी असते, आणि रुग्णाने ऑपरेशनआधी करायचं जवळपास सगळं याच्याशीच निगडित आहे.

ताईला घेऊन सर्जनकडे गेलो. त्यांनी विचारलं, “धूम्रपान?” ताई माझ्याकडे वळून म्हणाली, “मी कोठे बिडी पेस रे भाऊ?” खरंच आहे, तिने जन्मात बिडी ओढली नाही. पण सकाळी उठल्यावर, दुपारी जेवणानंतर आणि रात्री निजताना ती मिश्री लावते. कुणी मशेरी म्हणतं. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने हिरड्यांवर चोळायची. तिच्या लेखी ते दात घासणं आहे. पण हिरडीच्या पातळ अस्तरातून निकोटीन रक्तात जातं आणि बारीक रक्तवाहिन्या आवळून टाकतं. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो तो मिश्रीत नाही, हे खरं. ठिबकची नळी मात्र मिश्रीनेही चिमटली जाते. सिगारेट ओढणाऱ्यांवर 1984 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फेसलिफ्टनंतर कातडी मरण्याचा धोका न ओढणाऱ्यांच्या सुमारे बारा पट निघाला होता. म्हणून निदान चार आठवडे आधीपासून आणि चार आठवडे नंतर तंबाखू कोणत्याही रूपात नको. मिश्री, जर्दा, तपकीर, विडी, हुक्का, आणि निकोटीनची च्युइंगगम किंवा पट्टीसुद्धा नको. काही सर्जन लघवीत कोटिनिन तपासतात. निकोटीन शरीरातून जाताना तयार होणारा हा पदार्थ काही दिवसांपर्यंत सापडतो. लाजून लपवू नका, हे मी हात जोडून सांगतो, खान्देशातल्या बायांना हा प्रश्न “मिश्री लावता का?” असाच विचारला गेला पाहिजे.

गुटख्याची गोष्ट आणखी वेगळी. महाराष्ट्रात 2012 पासून बंदी असली तरी खाणारे खातात. सुपारीने तोंडाचं अस्तर कडक होऊन तोंड उघडेनासं होतं. स्वतःची तीन बोटं उभी धरून समोरच्या दातांमध्ये घालून बघा. जात नसतील तर भूलतज्ज्ञाला ते आधी सांगा, कारण पूर्ण भूल देताना श्वासाची नळी तोंडातून घालायची असते.

आणि नंदुरबार, शहादा, अक्कलकुव्याकडच्या मंडळींनी, विशेषतः घरात कुणाला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल तर, ऑपरेशनआधी रक्ताची ती तपासणी करून घ्यावीच. ऑक्सिजन कमी पडला, अंग गार पडलं किंवा पाणी कमी झालं की सिकलसेलच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक वाहिन्या तुंबवतात. भूलतज्ज्ञाला माहीत असेल तर तो हे सगळं सांभाळू शकतो.

रक्त कमी पोचणं वाईट, तसं भलतीकडे साचणंही वाईट. फेसलिफ्टनंतरचा सगळ्यात जास्त आढळणारा त्रास म्हणजे उचललेल्या कातडीखाली रक्त साठणं, ‘हिमॅटोमा’. तो बहुतेक वेळा पहिल्या चोवीस तासांत होतो. एकाच बाजूला अचानक सूज आणि ठणका वाढला तर ती धोक्याची खूण. लगेच टाके उघडून रक्त काढावं लागतं, नाहीतर वरची कातडी उपाशी मरते. ब्लडप्रेशर वाढलेलं असेल तर धोका वाढतो. पुरुषांतही तो जास्त, कारण दाढीच्या मुळांमुळे तिथे रक्त अधिक असतं. खोकला, उलटी, जोर लावून शौच, पहिल्याच दिवशी वाकून काम करणं, हे सगळं टाळायचं. अ‍ॅस्पिरिन, काही वेदनाशामकं, फिश ऑइल, व्हिटॅमिन ई आणि लसणाच्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. कुठली आणि किती दिवस आधी थांबवायची ते डॉक्टर ठरवतील. हृदयात स्टेंट असेल तर रक्त पातळ करणारी गोळी मनाने कधीच बंद करू नका. वैद्यांचा काढा, चूर्ण, तेही सांगा. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर आधी ताब्यात हवी.

यातूनच आपल्या भागाचा एक खास प्रश्न उभा राहतो. जळगाव ते मुंबई रेल्वेने सुमारे 420 किलोमीटर. धुळेकर नाशिकला जातात, नंदुरबारचे सुरतला, रावेरकडचे कधी इंदूरला. “सकाळी ऑपरेशन, दुसऱ्या रात्री ट्रॅव्हल्सने घरी” असा बेत मी ऐकला आहे आणि तो फार धोक्याचा आहे. रात्री दोन वाजता चांदवडच्या घाटात गाल फुगला तर टाके कोण उघडणार? शिवाय ऑपरेशननंतर तासन्‌तास पाय लोंबकळत बसलं की पायाच्या शिरेत गुठळी होऊ शकते. पहिले टाके पाचव्या ते सातव्या दिवशी निघतात. तोवर तरी हॉस्पिटलच्या जवळ नातेवाइकाकडे किंवा लॉजवर राहायची सोय करा, डोकं उशांनी उंच करून झोपा आणि रात्रीचा फोन उचलणाऱ्या डॉक्टरचा नंबर आधीच लिहून घ्या. 

नसांचंही थोडं सांगतो. चेहरा हलवणारी नस कानाखालून निघून पंजाच्या बोटांसारखी पाच शाखांत पसरते आणि गालात ‘स्मास’च्या खालून जाते. तिला धक्का लागला तर हसू वाकडं होतं. बहुतेक वेळा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ते सुधारतं, क्वचित कायमचं राहतं. त्याहून जास्त वेळा दुखावते ती कानाच्या पाळीला स्पर्श देणारी नस. पाळी बधिर झाली तर कानातलं कधी गळून पडलं हे बाईला कळत नाही. डॉक्टर हो म्हणेपर्यंत जड झुबे नकोत. व्रण कानापुढच्या घडीत आणि मागे केसांत लपवतात, पण आपल्या सावळ्या कातडीत व्रण जाड होण्याची, काळा पडण्याची प्रवृत्ती जास्त. जुन्या जखमेवर किंवा कान टोचल्यावर गाठ आली असेल तर ती दाखवा. घट्ट अंबाडा घालणाऱ्या बाईने तसाच अंबाडा घालून जावं, म्हणजे काय उघडं पडेल ते सर्जनला दिसेल.

सर्जन निवडताना एम.सीएच. किंवा डीएनबी प्लास्टिक सर्जरी ही पदवी बघा, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी तपासा. स्वतंत्र भूलतज्ज्ञ आहे का, रात्री आयसीयू मिळेल का, हे सरळ विचारा. पर्याय आणि धोके समजावून न सांगता घेतलेली सही पुरेशी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्येच स्पष्ट केलं आहे. सौंदर्यासाठीच्या ऑपरेशनला मेडिक्लेम मिळत नाही आणि बिलावर 18 टक्के जीएसटी लागतो, तो धरूनच आकडा विचारा. पार्लरमध्ये “बिनाऑपरेशन फेसलिफ्ट” म्हणून कुणी सुई हातात घेतली तर उठून बाहेर या. फिलर, म्हणजे खड्डे भरायला सुईने टोचतात ते जेल, चुकून रक्तवाहिनीत गेलं तर दृष्टी जाऊ शकते. आणि चेहऱ्याची एकच बाजू अचानक लोंबली तर ते म्हातारपण नव्हे, पक्षाघात असू शकतो. त्याच मिनिटाला दवाखाना गाठायचा.

ताईचं गणित असं बसलं. दिसणारी सूज आणि निळेपणा उतरायला दोन-तीन आठवडे, कडकपणा जायला तीन महिने, व्रण फिका व्हायला वर्ष. मेच्या लग्नाला एप्रिलमध्ये ऑपरेशन म्हणजे सुजलेल्या चेहऱ्यावर हळद आणि ताज्या व्रणावर खान्देशचं ऊन. तारीख मिळाली ती जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली, लघवीची तपासणी स्वच्छ आली तर. मिश्रीची पितळी डबी तिने सुनेकडे ठेवायला दिली आहे. परवा फोनवर म्हणाली, आज 19 वा दिवस, सकाळी चहानंतरचा अर्धा तास तेवढा जड जातो.